तीन पाण्यांचे मासे

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. प्रजा सुखी होती, कोठारे भरलेली होती, सीमा शांत होत्या. पण राजाच्या डोळ्यांना रंगांची भूक होती आणि ती काही केल्या भागत नसे. बागेत ज्या रंगाचे फूल नाही तेच त्याला हवे असे, आणि जो पक्षी नुकताच उडून गेला तोच त्याला पिंजऱ्यात हवा असे.

राणीचे नाव यशोवती. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव कुवलया ठेवले. बारशाला दूरदेशीच्या एका मायाकाराने राजाला स्फटिकाचे पात्र भेट दिले. एक हात लांब, पाऊण हात रुंद, पाऊण हात खोल. पात्र इतके नितळ, की रिकामे असताना हाताला लागल्यावरच ते आहे असे कळे.

राजा म्हणाला, "एवढ्या सुंदर पात्रात जगातले सगळे रंग ठेवले पाहिजेत."

नगराबाहेर एक डोह होता आणि त्याची राखण एक आसरा करीत असे. ती पाण्यातच राहणारी देवता. त्या डोहात जाळे टाकायचे नाही, हा राजाच्या पणजोबांपासूनचा नेम. राजाने तो मोडला. निळे, पिवळे, तांबडे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे असे चाळीस मासे काढवले आणि चाळीसच्या चाळीस त्या एवढ्याशा पात्रात सोडले. पाहुण्यांनी तोंडात बोटे घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी गढूळ झाले होते आणि एकही मासा जिवंत नव्हता.

त्याच दुपारी दरबारात एक बाई चालत आली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होते आणि ती जिथे पाऊल ठेवी तिथल्या फरशीवर शेवाळ उगवे. ती म्हणाली, "राजा, हे जीव तू एका भांड्यात कोंडलेस. कोण कोणाबरोबर राहू शकतो, हे कोणाला विचारलंस?"

"मासे आहेत ते. माशांना काय विचारायचं?"

"बरं. मग तुझ्या घरालाही कोणी विचारणार नाही. तू, तुझी राणी आणि तुझी मुलगी, तुमच्यातले कोणीही दोघं शंभर पावलांच्या आत आलात, तर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तुमचा श्वास कोंडेल."

राणीच्या मांडीवर तेरा दिवसांचे मूल होते. बघता बघता ते निळे पडू लागले. राणीला हाक मारता येईना, राजाला उठता येईना. एका दासीने मूल उचलले आणि ती धावत सुटली. शंभर पावले ओलांडली तेव्हा कुठे मूल रडले.

राजाही धडपडत दूर गेला. राणी एकटी उरली. तिने हात जोडून उःशाप मागितला.

आसरा म्हणाली, "त्याच पात्रात तीन पाण्यांचे, तीन रंगांचे मासे तीस सूर्योदय नांदवून दाखवा. एकाचंही शेपूट फाटता कामा नये. एकही उपाशी राहता कामा नये. एकही भिऊन दडता कामा नये. त्या दिवशी शाप सुटेल."

एवढे बोलून ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने गेली. फरशीवरचे शेवाळ मात्र पुढे कित्येक दिवस खरवडावे लागले.

तेव्हापासून राजा पूर्वेच्या महालात, राणी पश्चिमेच्या महालात आणि मुलगी उत्तरेच्या महालात राहू लागली. राजाने तीन पाण्यांचे मासे आणायला माणसे पाठवली. बर्फाच्या नदीतून एक, दलदलीतून एक, ऊन पाण्याच्या झऱ्यातून एक, असे मासे आले. बर्फातला ऊन पाण्यात मेला, झऱ्यातला गार पाण्यात मेला, आणि दलदलीतला दोघांना खाऊन आपणही मेला. अकरा वेळा असे झाले. मग राजाने ते पात्र कोठीत ठेवून दिले आणि त्याचे नाव काढायचे सोडले.

तिन्ही महालांच्या मधून निरोप नेण्याचे काम एका पहाडी मैनेकडे होते. तिचे नाव मंजुळा, पण आवाज फुटक्या घागरीसारखा. जे ऐकले ते शब्दाला शब्द सांगायचे, हा तिचा बाणा. राणी बोलता बोलता थांबली तर तीही तेवढीच थांबे, आणि राजा खोकला तर खोकूनही दाखवी. कुवलयाला आईचे सगळे बोलणे याच आवाजात माहीत होते.

कुवलया मोठी झाली ती प्रश्न विचारत. हत्ती झोपतो तेव्हा सोंड कुठे ठेवतो? भिंतीतली ओल उन्हाळ्यात कुठे जाते? दिवसातून दहा दहा प्रश्न ती मैनेबरोबर आईकडे पाठवी आणि आई प्रत्येकाचे उत्तर धाडी. सकाळी दोघी आपापल्या गच्चीवर उभ्या राहत. एवढ्या अंतरावरून तोंड काही नीट दिसत नसे. पण हात हलवलेला दिसे.

ती एकोणीस वर्षांची झाली त्या साली एका सकाळी मैना आली आणि म्हणाली, "आईसाहेबांनी विचारलंय, आज गच्चीवर का आली नाहीस? बरं नाही का?"

कुवलया घटकाभर गच्चीवर उभी राहून नुकतीच खाली उतरली होती. ती म्हणाली, "मी होते. मी हात हलवला. आज त्याच दिसल्या नाहीत."

मैनेने चोच पंखात खुपसली. निरोप घेऊन आलेली मैना असे कधी करीत नसे.

"मंजुळा, काय झालंय?"

"सांगू नकोस असं बजावलंय."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

मैनेने पंख झाडले. "आईसाहेबांना चार महिन्यांपासून दिसत नाही. तू येतेस त्या वेळेला त्या अंदाजाने हात हलवतात. आज ढग होते, वेळेचा अंदाज चुकला. तू निघून गेल्यावर त्या गच्चीवर आल्या आणि दासीने सांगितलं, समोर कोणी नाही. वैद्य म्हणतात, आणखी वर्षभरात दिवस आणि रात्रसुद्धा कळणार नाही."

कुवलयाने त्या दिवशी एकही प्रश्न धाडला नाही. ती कोठीत गेली, जुन्या कनातींखाली हात घालून चाचपडली आणि ते पात्र तिच्या हाताला लागले. तिने ते पुसले, कापडात गुंडाळले आणि मैनेला खांद्यावर घेऊन डोहाची वाट धरली.

डोहाच्या काठी एका दगडावर आसरा केस विंचरत बसली होती. कुवलयाने नमस्कार केला आणि म्हणाली, "मासे झोपतात तेव्हा डोळे मिटतात का?"

आसरेचा हात थांबला. "तू उःशापाचं विचारायला आलीस ना?"

"ते विचारणारच आहे. पण हेही मला माहीत नाही."

"त्यांना पापण्या नाहीत," आसरा म्हणाली. तिच्या आवाजातला कोरडेपणा जरा ओला झाला होता. "ऐक. या डोहातून तुला तीन वेळा मासे नेता येतील. चौथ्या वेळी इथलं पाणी तुझ्या ओंजळीतही थांबणार नाही."

"तीन पाण्यांचे म्हणजे कोणत्या पाण्यांचे?"

"तुझ्या बापाने हे विचारलं नव्हतं. पण सांगणार मी नाही. डोळे आहेत तुला."

कुवलया काठावर पालथी पडली आणि पाण्यात बघू लागली. एक दिवस गेला, दुसरा गेला. मैना कंटाळून किडे खाऊन आली. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन सरळ तळापर्यंत उतरले तेव्हा कुवलया उठून बसली.

"मंजुळा, हे पाणी एक नाही! बघ, ते वरचे मासे एकदाही खाली गेले नाहीत. खालचे वर आले नाहीत. आणि हे मधले मधेच फिरतात. वरचं पाणी, मधलं पाणी, तळाचं पाणी. तीन पाणी इथंच आहेत. आणि लोक बर्फाच्या नदीपर्यंत गेले!"

"मला दोन दिवसांपूर्वीच कंटाळा आला होता," मैना म्हणाली, "म्हणून मला हे दिसलं नाही."

कुवलयाने घाई केली. वरच्या पाण्यातला सगळ्यांत देखणा मासा तिने निवडला, लालभडक, शेपटीचा पिसारा त्याच्या अंगापेक्षा मोठा. मधल्या पाण्यातले चार हिरवे पट्टेरी घेतले, तळातला एक ठिपक्यांचा घेतला. पात्रात ते असे शोभले, की महालातल्या दासी कामे टाकून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल माशाचा पिसारा झिरमिळ्या झाला होता. पट्टेरी मासे त्याच्या मागे लागून लचके तोडत होते आणि तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात लटकून होता. तिने धावत सगळे डोहावर नेले. चौघे पट्टेरी आणि ठिपक्यांचा सुळकन गेले. लाल मासा तिच्या तळहातावरच मेला.

तो हात तिने त्या दिवशी जेवतानाही पुढे केला नाही.

दुसऱ्या वेळी तिने रूप बघितले नाही, स्वभाव बघितला. तिन्ही पाण्यांतला एक एक गरीब मासा घेतला. वरचा निळा, मधला सोनेरी, तळाचा तांबूस. कोणी कोणाला चावले नाही. तिसऱ्या दिवशी सोनेरी मासा दगडामागे गेला तो बाहेर येईना. तिने कणीक टाकली, त्याने तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी त्याचे सोने उतरून तो पाण्याच्या रंगाचा झाला. तिने तिघांना परत नेले. सोनेरी मासा डोहात सोडताच कुठूनसे त्याच्यासारखे वीसपंचवीस आले, तो त्यांच्यात शिरला आणि डोळ्यांदेखत पिवळा धमक झाला. आता त्यांतला तो कोणता, हे तिला ओळखता येईना.

ती आसरा बसे त्या दगडापाशी गेली. मग आसरेला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी महाराजांना विचारलंत, की कोणाला विचारलंस. मीही कोणाला विचारलेलं नाही. मला माशांचं बोलणं कसं कळेल?"

"ऐकलंस तर कळेल."

"ऐकायचं कसं?"

"पाण्यात बस. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हलू नकोस."

कुवलया गळ्यापर्यंत पाण्यात बसली. पहिल्या दिवशी मासे तिच्यापासून लांब राहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना येऊन टोचू लागले. तिसऱ्या दिवशी माध्यान्ही तिला त्यांचे बोलणे कळू लागले. ते बारीक आवाजात आणि थोडक्यात बोलत.

आधी तिच्याजवळ एक लाल, मोठ्या पिसाऱ्याचा मासा आला. तिने त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "तो माझा भाऊ होता. जिवंत असता तर मीच त्याला मारला असता. आम्ही एकटे राहतो."

"एकटं वाटत नाही?"

"एकटं वाटणं म्हणजे काय?" असे विचारून तो निघून गेला.

पट्टेरी मासे आले. ती म्हणाली, "तुम्ही त्याचा पिसारा का फाडलात?"

"हलत होता," ते म्हणाले. "जे हलतं ते काय आहे, हे कळायला चावून बघावं लागतं. आम्हाला तुझ्यासारखे हात नाहीत." आणि त्यांनी तिचे केस चावून बघितले.

मग तळातून एक मरळ वर आली, हातभर लांब, डोळे शांत. ती म्हणाली, "मला ने. मी कोणाहीबरोबर राहते. आजवर कोणाची तक्रार आली नाही."

"ती कशी?"

"तक्रार करायला कोणी उरत नाही."

कुवलयाला हसू आले, पण ती हलली नाही. एवढ्यात तो सोनेरी थवा तिच्याभोवती फिरू लागला. ती म्हणाली, "माझं पात्र लहान आहे. तुमच्यातला एक आला तर चालेल?"

"एक म्हणजे कोण?" सगळे एकदम म्हणाले. "आम्ही निम्मे आलो तरी एक होतो. अगदीच कमी म्हणजे सात. सातांच्या खाली आम्ही कोणीच नसतो."

"आणि शेजार?"

"आमच्या तोंडात मावेल असा नको. आम्ही ज्याच्या तोंडात मावू असा तर नकोच."

तळाशी वाळूत तीन तांबूस मुऱ्या होत्या, बोटाएवढ्या, मिशावाल्या. त्या म्हणाल्या, "वाळू मऊ हवी. टोकदार खड्यांनी आमच्या मिशा झिजतात. आणि निजायला एक बीळ हवं. वर कोण राहतं याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. खाली सांडेल ते आमचं."

वरच्या पाण्यात निळ्या माशांचा एक जोडा हळूहळू फिरत होता. नर पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेई. तो म्हणाला, "झाकण लावलंस तर फट ठेव, मला हवा लागते. तरंगणारी पानं हवीत. मला गडबड सोसत नाही. ते सोनेरी मधेच फिरतात, त्यांचा त्रास नाही."

"एवढे सगळे माझ्या पात्रात मावाल?"

निळी मादी प्रथमच बोलली. "दोन आम्ही, सात ते, तीन त्या. यापुढे एकही नको. आणि पाणी मुरलं नाही तोवर बोलावू नकोस."

"मुरायचं म्हणजे?"

"वाळू टाक, वेली लाव, डोहाचं पाणी भर आणि वाट बघ. नवं पाणी जळजळतं. वेलींनी मूळ धरलं आणि स्फटिकावर हिरवा बुळबुळीत थर आला, की आम्ही येऊ."

कुवलया महालात परतली. तिने वाळू सात वेळा धुतली. एक फुटका मडक्याचा काठ पालथा घालून बीळ केले. वेली लावल्या, पाणी भरले, वर कमळाची दोन कोवळी पाने सोडली. आणि पंधरा दिवस तिने त्यात एकही मासा सोडला नाही.

राजाचा निरोप आला. मैना खोकली आणि म्हणाली, "पात्र अजून रिकामं का?"

"महाराजांना सांग, पाणी मुरतंय."

मैना गेली आणि आली. "पाणी काय लोणचं आहे मुरायला?"

"सांग, मलाही आधी तसंच वाटलं होतं."

सोळाव्या दिवशी ती डोहावर गेली. जाळे नेले नाही. पाण्यात ओंजळ धरून बसली आणि बारा मासे आपणहून तिच्या मातीच्या घड्यात आले.

पहिला सूर्योदय झाला, दुसरा झाला, दहावा झाला. सोनेरी सातजण मधल्या पाण्यात एका वळणाने फिरत. मुऱ्या वाळू चाळत. निळे पानांखाली असत. कुवलया रोज चिमूटभर खाणे टाकी, आणि चार दिवसांनी थोडे पाणी काढून डोहाचे ताजे पाणी ओती. आता ती आईला प्रश्न न धाडता उत्तरे धाडू लागली. मुऱ्यांना किती मिशा असतात, निळा मासा हवा कशी गिळतो. पश्चिमेच्या महालातून निरोप येई, "मग? पुढे?"

एकविसाव्या दिवशी राजाचे दोन सेवक झाकलेले भांडे घेऊन आले. त्यात एक जांभळा मासा होता. असा जांभळा, की बघणाऱ्याला आपण याआधी जांभळा रंग पाहिलाच नव्हता असे वाटावे. मैना म्हणाली, "महाराजांनी सातासमुद्रापलीकडून मागवलाय. म्हणतात, तिनापेक्षा चार रंग बरे. पात्रात सोड."

कुवलया भांड्यावर वाकली. मासा परक्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता, ते तिला कळले नाही.

"महाराजांना सांग, जागा नाही."

मैना गेली आणि आली. "ही राजाज्ञा आहे."

सेवक मान खाली घालून उभे होते. राजाज्ञा आजवर कोणी मोडलेली तिने ऐकली नव्हती. ती म्हणाली, "सांग, एकोणीस वर्षांपूर्वी चाळीस माशांना कोणी नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा मी तेरा दिवसांची होते, मला बोलता येत नव्हतं. आज येतं."

मैनेने मान वाकडी केली. "शब्दाला शब्द सांगू?"

"शब्दाला शब्द."

सेवक भांडे घेऊन गेले. त्या दिवशी पूर्वेच्या महालातून निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुवलया दाराकडे बघे आणि तिला वाटे, आता शिपाई येतील. चौथ्या दिवशी मैना आली, खोकली नाही, आणि हळू बोलली, "मी त्याला वेगळ्या हौदात ठेवलंय. एकटाच आहे. मी तीन दिवस बघतोय, तो काही खात नाही. त्याला काय घालावं?"

कुवलयाने तो निरोप मैनेकडून दोनदा म्हणवून घेतला. मग तिने एकेक करून विचारले, हौद केवढा, सावली आहे का, पाणी कुठले, मासा वर असतो की तळाशी. राजाला एकाही प्रश्नाचे उत्तर माहीत नव्हते. तो बघायला गेला, आणि दिवसभर मैनेला बसायला फुरसत मिळाली नाही. शेवटी पाण्यातल्या बारीक अळ्या घातल्या तेव्हा मासा जेवला. राजाने हेही मुद्दाम कळवले.

तिसावा सूर्य उगवला आणि उत्तरेच्या महालाच्या पायऱ्यांवर शेवाळ उगवले. आसरा आत आली आणि पात्रासमोर उभी राहिली. तिने शेपट्या बघितल्या. एकही फाटलेली नव्हती. तिने पोटे बघितली. सगळी भरलेली होती. मग ती मोजू लागली.

"निळे दोन. सोनेरी सात. मुऱ्या दोन."

कुवलया पुढे झाली. मुऱ्या दोनच होत्या. तिने वेलींमागे बघितले, पानांखाली बघितले.

"एकही भिऊन दडता कामा नये, असं मी म्हटलं होतं," आसरा म्हणाली.

कुवलयाने तोंड पाण्याला लावले. "तू कुठे आहेस? भ्यालीस का?"

मडक्याच्या काठाखालून वाळू हलली. आधी मिशा बाहेर आल्या, मग डोके. "कोण ओरडतंय?" मुरी म्हणाली. "निजले होते. या मडक्याखाली फार छान वाटतं. भ्यायचं कोणाला?" आणि ती पुन्हा आत गेली.

आसरा हसली. कुवलयाने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिले. "दडणं वेगळं आणि निजणं वेगळं," ती म्हणाली. "जा, मुली. आईला बोलाव."

राणी दोन दासींच्या आधाराने आली. उत्तरेच्या महालापासून शंभर पावलांवर पांढऱ्या दगडांची एक ओळ होती. तिथे दासी थबकल्या. राणीने त्यांचे हात सोडवले. तिला ती ओळ दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे तिला माहीत होते. तिने पाऊल पुढे टाकले आणि श्वास घेतला. आणखी एक टाकले आणि श्वास घेतला. समोरून कुवलया चालत येत होती. दहा पावले उरली तेव्हा दोघी थांबल्या.

"बोल काहीतरी," राणी म्हणाली. "म्हणजे मला कळेल, कुठे आहेस ते."

एकोणीस वर्षे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एकही प्रश्न सुचेना. शेवटी तिच्या तोंडून निघाले, "आईसाहेब, जेवलात का?"

राणीने ऐकले आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. ती म्हणाली, "पुन्हा बोल. तुझा आवाज फुटका नाही गं!"

"तुमचाही नाही."

झाडावर बसलेल्या मैनेने पाठ फिरवली.

"ते साहेब गाळ," राणी म्हणाली. "नुसतं आई म्हण." आणि तिने दोन्ही हात पुढे केले, आणि ते रिकामे राहिले नाहीत.

राजा दगडांच्या ओळीपलीकडे उभा होता. तो खोकला. तेव्हा राणी तिकडे तोंड करून म्हणाली, "तिथं उभं राहून काय करता? आत या."

तिघे महालात आले. राजा आसरेसमोर गेला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "डोहात पुन्हा जाळं पडणार नाही. चाळीस जीव मी परत आणू शकत नाही. हे बारा आजच्या आज डोहात पोचवतो."

आसरा म्हणाली, "त्यांना विचारलंस?"

राजाने मुलीकडे बघितले. कुवलयाने पात्रावर वाकून विचारले, "तुम्हाला डोहात परत जायचं आहे का?"

सोनेरी सातजण म्हणाले, "सगळे जाणार असतील तर." मुऱ्या निजलेल्या होत्या. निळा नर कमळाच्या पानाखालून हलला नाही. तिथे पाण्यावर बुडबुड्यांचा एक बारीक फेस जमला होता आणि त्यात मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक असे काहीतरी चिकटलेले होते.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "अंडी आहेत."

कुवलयाने ते मोठ्याने सांगितले.

"किती दिवस लागतील?" राजाने विचारले.

"माहीत नाही," कुवलया म्हणाली. "मी हे आधी कधी पाहिलेलं नाही."

आसरा डोहाकडे निघून गेली. राजाने एक चौरंग ओढला आणि तो पात्रापाशी बसला. राणी त्याच्या शेजारी बसली. कुवलया मधे बसली आणि निळा मासा एकेक अंडे तोंडात धरून फेसात नीट कसे लावतो आहे, ते बघून बघून आईला सांगू लागली. दुपार झाली, ताटे आली, तीन ताटे एका ओळीत मांडली गेली, तरी तिघे उठले नाहीत.

त्या राजाच्या राज्यात जसे सगळे ठिकाणावर आले, तसे ऐकणाऱ्याच्या घरीही येवो. कथा एवढीच.